चार कॉर्ड आणि एक उलटी गिटार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, निर्वाण या अमेरिकी रॉक बँडचा गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन याच्या लिलावात गेलेल्या गिटारींवर लेख आला होता. किमती त्यात बरोबर दिल्या आहेत. पण शेवटी शेवटी लेखकाने लिहून टाकले आहे की हा माणूस मुळात गायक, गिटार नुसती गळ्यात अडकवलेली असायची, चार कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या चार स्वरसमूहांच्या, पुढे त्याची मजल नव्हती. हे मी दुकानात बसून तीनदा वाचले. समोर फळीवर आठवीतल्या एका मुलीची गिटार उघडी पडली होती. ते काम बाजूला सारले आणि हे पत्र लिहायला घेतले.

नागपूरच्या महाल भागात आमचे दुकान वडिलांपासूनचे. वडील पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे हार्मोनियम. भाता, सूर, पट्ट्या, सगळे. लाकूड लकडगंजातून स्वतः निवडून आणायचे. मी १९८३ पासून गिटारीकडे वळलो, कारण त्या काळात नागपुरात ऑर्केस्ट्रा जोरात होते. धनवटे रंगमंदिरात संध्याकाळी कार्यक्रम असला की दुपारी तीन वाजता कोणीतरी धापा टाकत यायचा, तार तुटलेली, नाहीतर आतली वायर सुटलेली. त्या घाईत मी शिकलो. मी स्वतः वादक नाही. पण चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या गिटारी पोटाशी धरून बसलो आहे, आणि कोणाच्या हाताने कोणती गिटार कुठे झिजली आहे हे मला दिसते. त्या अधिकाराने लिहितो.

लेखात ज्या गिटारीचे सर्वांत जास्त कौतुक आहे, ती मार्टिन कंपनीची १९५९ सालची डी-१८ई. जून २०२० मध्ये ती ६० लाख १० हजार डॉलरला गेली, आपल्या पैशांत त्या वेळी ४५ कोटींच्या वर. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात त्याने ती वाजवली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गेला. इतके लेखात आहे. नाही ते हे, की कारागिराच्या नजरेने ही गिटार फसलेली होती.

अकूस्टिक गिटारीचे वरचे फळकट जेमतेम तीनेक मिलिमीटर जाड असते. आवाज तेच देते, ते थरथरले पाहिजे. मार्टिनवाल्यांनी त्या मॉडेलमध्ये नेमके त्याच फळकटाला भोके पाडून दोन चुंबकी पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडून अँप्लिफायरकडे पाठवणारे भाग, बसवले, वर खटके आणि बटणे लावली. फळकटावर वजन आले आणि थरथर दबली. धड अकूस्टिक नाही, धड इलेक्ट्रिक नाही. अशा ३०२ गिटारी बनवून कंपनीने ते काम थांबवले. जाणकारांनी बाजूला टाकलेली वस्तू या माणसाने उचलली, डावीकडून वाजवायला तारा उलट्या लावून घेतल्या, आवाजाच्या भोकात आणखी एक पिकअप बसवून घेतला, आणि ज्या कार्यक्रमाचे नावच 'विजेची तार काढून ठेवलेला' अशा अर्थाचे होते, त्यात ती अँप्लिफायरमधून वाजवली. तिथले निर्माते अ‍ॅलेक्स कोलेटी यांनी अँप्लिफायरपुढे लाकडाची खोटी पेटी करून ठेवली, म्हणजे तो स्टेजवरच्या मॉनिटरसारखा दिसावा. मला ही गोष्ट फार आवडते. गायकाला गिटार नुसती गळ्यात अडकवायची असती, तर तेवढ्या आवाजासाठी तो इतका हटून बसला असता का? कोणता आवाज हवा आहे हे ज्याला माहीत असते तोच असा हट्ट धरतो. माझ्याकडे येणाऱ्या शंभरात पाच जणांनाही ते माहीत नसते. ते म्हणतात, 'काका, चांगला आवाज येऊ द्या.' चांगला म्हणजे कसा, हे विचारले की गप्प होतात.

लिलावात त्या गिटारीबरोबर ती ठेवायची पेटीही गेली. पेटीत तारांचा अर्धा वापरलेला संच होता आणि तार छेडायची तीन पिक होती. ४५ कोटींपेक्षा माझा जीव त्या अर्ध्या संचात अडकला. तो वाजवणाऱ्याचा संसार आहे. आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पेट्याही अशाच उघडायच्या.

दुसरी गिटार फेंडर मस्टँग, १९६९ ची, निळी. २०२२ मध्ये ती ४५ लाखांहून जास्त डॉलरला गेली. तीही मुळात शिकाऊ पोरांसाठी काढलेली स्वस्त गिटार. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मानेच्या टोकाच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच असते, या मस्टँगमध्ये चोवीस. दीड इंचाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढ्याने तार ढिली पडते, बोटाला मऊ लागते, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, जवळजवळ येतात, तार ओढली की पटकन वाकते, आणि हो, पटकन बेसूरही होते. कोबेनने स्वतः मुलाखतीत या गिटारीची खोड सांगितली होती की ती सुरात राहत नाही, आणि तरी जगातल्या सगळ्या गिटारींत हीच मला आवडते असेही म्हणाला होता. शिवाय डावखुऱ्याला परवडेल अशी चांगली गिटार सहज मिळत नाही, हेही त्याने त्याच ओघात सांगितले. पुढे तर त्याने आपल्या मस्टँगचा आणि फेंडरच्याच जॅग्वार गिटारीचा फोटो कापून, दोघींचे अर्धे अर्धे चिकटवून फेंडरकडे पाठवले. त्यावरून त्यांनी जॅग-स्टँग नावाची नवी गिटार बनवली. ती बाजारात आली तेव्हा तो राहिला नव्हता. कात्री आणि डिंक घेऊन बसणारा हा गायक मला आमच्या धंद्यातला वाटतो.

एक गोष्ट मात्र मला त्याची कधीच पटली नाही. स्टेजवर गिटारी फोडणे. वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. ती जुनी मस्टँग त्याने जपली, फोडायला स्वस्त स्ट्रॅटोकास्टर ठेवल्या, हे मला माहीत आहे. अर्नी बेली नावाचा त्याचा कारागीर मोडलेल्या माना जोडून त्याच गिटारी पुन्हा उभ्या करायचा. मी बेलीच्या जागी असतो तर माझ्याने ते झाले नसते.

आता चार कॉर्डबद्दल.

१९९१ साली 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या ज्या गाण्याने निर्वाण बँडचे नाव जगभर गेले, त्यात मुळात खरोखरच चार कॉर्ड आहेत. एफ, बी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट. जवळजवळ सगळे गाणे त्याच चारांवर. लेखकाचे मोजणे चुकलेले नाही. पण त्या चारांत हात काय करतो ते ऐका. कडव्यात दोनच स्वर थेंबासारखे पडतात, मधे भरपूर मोकळी जागा. मग तोच क्रम पूर्ण जोराने. हळू आणि जोरात यांतले हे अंतर तो पिक्सीज या बँडकडून शिकला, हे त्याने स्वतःच मान्य केले होते. पण ते अंतर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, त्याच वजनाने आणणे हे हाताचे काम आहे आणि ते शिकवून येत नाही. आणि मधला गिटारीचा तुकडा घ्या. तिथे दुसरा कोणी असता तर बोटे पळवली असती. कोबेन तिथे गाण्याचीच चाल वाजवतो. गळ्याने जे म्हटले तेच तारेवर, जवळजवळ जसेच्या तसे.

ज्या दिवशी हे माझ्या कानात नीट शिरले त्या दिवशी मला वडील आठवले. त्यांच्या दुकानात पेटीवर साथ करणारी माणसे येऊन बसायची. वडील म्हणायचे की गायकाची जागा गायकाच्या मागून, त्याच्याहून हलक्या हाताने जो पेटीवर घेतो तो साथीदार. गायक श्वास घेत असताना जो आपल्या ताना भरतो, त्याची पेटी ते दुरुस्त करायचे पण त्याच्यासाठी चहा मागवायचे नाहीत. कोबेन स्वतःच्या गळ्याला स्वतःच साथ करत होता.

आणि पट्टी. आपल्याकडे गायक काळी एक म्हणतो, पांढरी पाच म्हणतो, आणि तबला त्याप्रमाणे लागतो. पट्टी गळ्याची असते, वाद्याने तिला जुळवून घ्यायचे. तो 'अनप्लग्ड'मध्ये गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवतो. काही गाण्यांत सर्वांत जाड तार आणखी खाली सोडतो, म्हणजे एकाच बोटाने जाड तारांवर पूर्ण कॉर्ड दाबता येतो आणि लक्ष गाण्याकडे राहते. यात अडाणीपणा कुठे आहे? तारा उतरवल्या की त्या ढिल्या होतात, फ्रेटवर खडखडतात, त्यासाठी जाड तारा लावाव्या लागतात, मानेतली सळई फिरवून मान पुन्हा सरळ करावी लागते. इतका विचार करून गिटार गळ्याला जुळवणारी माणसे माझ्या दुकानात कमी आली.

वेगाने वाजवणे त्याचे काम नव्हते. ते येते असे त्याने कधी दाखवलेही नाही.

मला हे सगळे कसे कळले ते सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. इंग्रजी गाणी मी आवडीने ऐकणारा माणूस नव्हतो. १९९६ च्या उन्हाळ्यात अकरावीतला एक मुलगा दुकानात आला. सायकलवर, पाठीला चादरीत गुंडाळलेली गिटार. त्याने ती काढली आणि उलटी धरली. उजव्या हाताने मान, डावा हात तारांवर. म्हणाला, 'काका, तारा उलट्या लावून द्या न जी.'

मी नाही म्हटले.

मी त्याला सांगितले की गिटार उजव्यांचीच असते. आठवडाभर त्रास होईल, मग सवय होईल. वर हेही सांगितले की गिटारीत अवघड काम डाव्या हाताचेच असते, तुझा तर फायदाच आहे. हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही क्लासमध्ये आजही ऐकायला मिळते, मीच ते कित्येकांना दिले असेल. मुलगा वाद घालणारा नव्हता. त्याने खिशातून कॅसेट काढली, म्हणाला, 'हा पण डावाच वाजवते, तुम्ही ऐकून तर पाहा', आणि ती माझ्या फळीवर ठेवून गेला. ती 'अनप्लग्ड'ची कॅसेट होती. निर्वाण हा शब्द दीक्षाभूमीच्या गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या नावामुळेच मी ती रात्री टेपमध्ये घातली.

१४ गाणी. त्यांतली सहा दुसऱ्यांची. एकाही गाण्यात वाजवणारा स्वतःला पुढे करत नाही. दोन-तीन ठिकाणी बोट घसरते ते तसेच ठेवले आहे. तारेवरून बोट सरकल्याची किरकिर ऐकू येते, नव्या तारांची किरकिर, मला ती लगेच ओळखू आली. दुसऱ्या दिवशी मी नट करायला हाड काढून ठेवले. मुलगा आला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या पावसाळ्यात नाही. नाव-पत्ता मी विचारलाच नव्हता. कॅसेट आजही दुकानात आहे. किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही. लेखकाने केले ते माझे त्या दिवशीचेच काम आहे, म्हणून त्यांच्यावर रागावून लिहीत नाही. न ऐकता मोजून मोकळे झालो होतो, मीही.

डाव्या हाताचा फायदा होतो ही समजूत का चुकीची आहे ते मी पुढे शिकलो, ते इथे छापावे अशी माझी खास विनंती आहे, कारण त्यात मुले अडकली आहेत. मानेवरचा हात स्वर दाबतो. तारांवरचा हात लय धरतो. ज्या हातात लय बसलेली असते तो हात माणसाला जन्माने मिळतो, तो बदलून मागता येत नाही. बोटांना दाबायला शिकवता येते. लयीला दुसऱ्या हातात जा असे सांगता येत नाही. तबल्यावर डावखुरा वादक दायां आणि बायां अदलाबदल करून बसतो, त्याला कोणी उठवत नाही. जामठ्याच्या मैदानावर डावखुरा फलंदाज आला की क्षेत्ररक्षण बदलते, फलंदाजाला उलटे उभे राहा असे कोणी म्हणत नाही. आणि हातांचा हिशेब सरळ असतोच असेही नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने, खेळला उजव्याने. म्हणून मूल पेन कोणत्या हातात धरते हे पाहून ठरवू नये. गिटार मांडीवर द्यावी आणि ते कशी धरते ते पाहावे.

डावखुरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याने उजव्यांची स्ट्रॅटोकास्टर उलटी करून, तारा फिरवून वाजवली. ती उलटल्यामुळे तिरका बसवलेला पिकअपही उलटा तिरका झाला, आणि जाड-बारीक तारांचा आवाज वेगळा उमटू लागला. तसाच डावखुरा अल्बर्ट किंग, त्याने तर तारासुद्धा फिरवल्या नाहीत, बारीक तार वर आणि जाड खाली असेच आयुष्यभर वाजवले. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीही डावखुरा. कारखान्यात पत्रे कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तोच तर त्याचा दाबायचा हात. लोकांनी त्याला बाजू बदल म्हणून सांगितले असणारच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि बाजू बदलली नाही.

गिटार नुसती उलटी धरून मात्र भागत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. मानेच्या टोकाला जी पांढरी पट्टी असते, तो नट. तिच्यात सहा खाचा. जाड तार सव्वा मिलिमीटरच्या जवळपास, बारीक तार पाव मिलिमीटरची. तारा फिरवल्या की जाड तार बारीक खाचेत बसत नाही, वर तरंगते, आणि बारीक तार रुंद खाचेत लोळते. काही जण खाच खाण्याच्या सोड्याने आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भरून पुन्हा कोरतात. तात्पुरते चालते. मी म्हशीच्या नळीच्या हाडाचा नवा नट घासून बसवतो. खाली ब्रिजवरची पट्टी अकूस्टिकमध्ये मुद्दाम तिरकी असते, कारण जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते. तीही उलट्या बाजूला तिरकी करावी लागते, नाहीतर मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर. पट्ट्याचे बटण दुसऱ्या बाजूला, नखांचे ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेले प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूला. इलेक्ट्रिकमध्ये आवाजाची बटणे वर येतात आणि कोपराला लागतात, त्याला उपाय थोडा. सगळे मिळून एका दिवसाचे काम आहे. कोटींचे नाही, काही शेकड्यांचे.

माझ्या फळीवरची गिटार अशीच आहे. मुलगी डावखुरी. वर्षभर क्लासमध्ये तिला उजव्याने बसवले. आई सांगत होती की घरी ती गिटारीला हात लावत नाही, पण जेवताना ताटाच्या काठावर डाव्या हाताने ताल धरते. आई म्हणाली, 'दादा, सर म्हणतात उलटी केली तर पुढे कोणी शिकवणार नाही.' मी त्यांना कोबेनचे नाव सांगितले. त्यांनी ते ऐकलेले नव्हते. मुलीने ऐकलेले होते. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढून आईला दाखवला, मान कोणत्या बाजूला आहे ते बोटाने दाखवले. शनिवारी ती गिटार न्यायला येणार आहे. नट झाला आहे, ब्रिजची पट्टी आज रात्री बसेल.

आपल्या वृत्तपत्राचा वाचक मोठा आहे म्हणून दोन मागण्या करतो. एक, त्या लेखकाने १९९१ चे ते गाणे आणि 'अनप्लग्ड' पुन्हा ऐकावे, या वेळी गाण्याचे शब्द सोडून फक्त हात ऐकावा, आणि तरी मत बदलले नाही तर तसे लिहावे, मी वाचीन. दुसरी, नागपुरातल्या गिटार क्लासवाल्यांनी प्रत्येकी एक गिटार डाव्या बाजूची करून ठेवावी. पहिल्या दिवशी मुलापुढे दोन्ही ठेवाव्यात. त्यासाठी जुनी, वापरात नसलेली गिटार चालेल. ती माझ्याकडे आणून द्यावी, नट आणि पट्टी मी पैसे न घेता बसवून देईन, हाड आणि मजुरी माझी.

फक्त आता आणू नये. पारा पंचेचाळीसच्या वर आहे. दुपारी गाडीवर पाठीला गिटार बांधून निघालात तर महालात पोहोचेपर्यंत ब्रिजखालचा गोंद सुटलेला असतो, या महिन्यात अशा चार आल्या. घरी कूलरसमोरही ठेवू नये, ओल्या हवेने फळकट फुगते आणि कूलर बंद केला की आक्रसते, चीर तिथेच पडते. तारा दोन-दोन फेरे सैल करून पेटीत, आतल्या खोलीत आडवी ठेवावी. नवतपाचे नऊ कडक दिवस उतरले, पहिले दोन पाऊस झाले, की सकाळी दहाच्या आत घेऊन यावे.

आपला,
एक वाचक व वाद्य-दुरुस्ती कारागीर,
महाल, नागपूर